आठवण कोणी ठेवायची?

सी भाषेत लिहिलेल्या एका जुन्या प्रोग्राममध्ये मी एकदा एक चूक करून ठेवली होती, आणि ती सात महिने कोणाच्याही लक्षात आली नाही. प्रोग्राम साधा होता. बाहेरून येणाऱ्या नोंदी तो एका वाढत्या ॲरेमध्ये, म्हणजे ओळीने मांडलेल्या यादीत, साठवत असे, आणि त्यांपैकी चालू सत्राच्या नोंदीकडे बोट दाखवणारा एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, मी सोयीसाठी बाजूला काढून ठेवला होता. ॲरे भरला की रीअलॉक या फंक्शनकडे मोठी जागा मागायची, एवढाच मामला. रीअलॉकचा स्वभाव असा, की शेजारी जागा मोकळी असेल तर ते बहुधा आहे तिथेच जागा वाढवून देते, आणि नसेल तर सगळा ऐवज उचलून दुसरीकडे नेते व जुनी जागा सोडून देते. सात महिने शेजारची जागा मोकळी मिळत राहिली. एके दिवशी ती मिळाली नाही, ॲरेने बिऱ्हाड हलवले, आणि माझा पॉइंटर मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत उभा राहिला. त्या पत्त्यावर तोपर्यंत दुसऱ्याच कोणाचा ऐवज येऊन बसला होता, आणि माझा प्रोग्राम त्याला सत्राची नोंद समजून त्यात आकडे लिहीत सुटला.

तो त्याच क्षणी क्रॅश झाला असता तर तासाभरात काम उरकले असते. तो क्रॅश झाला साधारण तीन तासांनी, आणि तेही ज्या फंक्शनचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता त्या फंक्शनमध्ये. चार दिवस मी त्या निरपराध फंक्शनची उलटतपासणी घेत बसलो होतो. शेवटी दुरुस्ती झाली ती एका ओळीची: पॉइंटरऐवजी त्या नोंदीचा ॲरेमधला क्रमांक जपून ठेवायचा. सोबत मी एक टिपणीही लिहिली, की या ॲरेमधल्या नोंदीचा पॉइंटर पुढच्या भरतीपलीकडे वापरू नये.

मला नियम माहीत नव्हता असे म्हणण्याची सोय नाही. पॉइंटर बाजूला काढणारी ओळ मी लिहिली त्या दिवशी ॲरेची लांबी ठरलेली होती. तो वाढता केला दोन आठवड्यांनी, आणि त्या दिवशी मला जुन्या पॉइंटरची आठवण झाली नाही. दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर होत्या; चूक त्या दोघींच्या मधल्या दोन आठवड्यांत होती, आणि ते दोन आठवडे ध्यानात ठेवण्याचे काम भाषेने माझ्यावर सोपवलेले होते. संगणकाच्या मेमरीला मराठीत स्मृती म्हणतात याची मला तेव्हापासून गंमत वाटत आली आहे, कारण या क्षेत्रातले बरेचसे भांडण त्या स्मृतीची आठवण कोणी ठेवायची, याच एका प्रश्नावर चाललेले असते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत सिस्टिम्स प्रोग्रामिंगसाठी, म्हणजे यंत्राच्या जवळून काम करणाऱ्या प्रोग्रामसाठी, नव्या भाषांचे पीक आले आहे: रस्ट, झिग, ओडिन, हेअर, निम, वेल, हायलो, कार्बन. बहुतेकींच्या ओळखपत्रावर वेग, सुरक्षितता आणि साधेपणा हे तीन शब्द कोणत्या ना कोणत्या क्रमाने असतात, त्यामुळे ओळखपत्र वाचून फारसे काही कळत नाही. म्हणून मी एक घरगुती कसोटी ठरवून टाकली. नवी भाषा हाताशी आली, की माझा तो प्रोग्राम चाळीस ओळींत आटवून, चुकीसकट, तिच्यात उतरवायचा आणि ती भाषा काय म्हणते ते ऐकायचे.

सी काहीच म्हणत नाही, हे तर दिसलेच. पण सीवर राग धरणे मला पटत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्समध्ये डेनिस रिची ही भाषा घडवत होते तेव्हा पीडीपी-११ सारख्या यंत्रांवर मेमरी किलोबाइटमध्ये मोजली जात असे, आणि युनिक्ससारखी प्रणाली असेंब्ली या यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेतून बाहेर काढून एका वाचनीय भाषेत लिहिणे हेच मोठे काम होते. प्रोग्रामरवर विश्वास टाकणे त्या परिस्थितीत शहाणपणाचे होते. पुढे ती यंत्रे एकमेकांना जोडली गेली, अनोळखी माणसांचा मजकूर त्यांच्यावर येऊन आदळू लागला, आणि विश्वास तेवढाच राहिला. इंटरनेटवरचा मजकूर गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत २०१४ साली सापडलेला हार्टब्लीड हा दोष याचा नमुना आहे. समोरच्याने "मी इतके बाइट पाठवले आहेत, तेवढेच परत दे" असे म्हणायचे आणि प्रत्यक्षात एखादाच बाइट पाठवायचा. प्रोग्राम त्याच्या शब्दावर विसंबून शेजारच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा ऐवज, कधी त्यात पासवर्ड तर कधी गुप्त किल्ल्या, मुकाट्याने पाठवून देई. दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या गैरवापराचे असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले, आणि क्रोमियम या ब्राउझरच्या गंभीर दोषांबाबतही पुढच्या वर्षी जवळपास तोच आकडा निघाला. तेव्हा माझी विसराळू वृत्ती ही माझी खासगी मालमत्ता नव्हती, एवढा दिलासा मला मिळाला.

रस्टने माझा प्रोग्राम कंपाइलच केला नाही, म्हणजे यंत्राला चालवता येईल असे रूप त्याला दिलेच नाही. ग्रेडन होअर यांनी २००६ च्या सुमारास वैयक्तिक प्रकल्प म्हणून ही भाषा सुरू केली, पुढे मोझिलाने तिला आश्रय दिला आणि मे २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. तिचा मूळ नियम दोन वाक्यांत मावतो. प्रत्येक मूल्याला एकच मालक असतो, आणि मालक संपला की मूल्यही संपते. मालकाकडून ते मूल्य उसने घेता येते, मात्र एका वेळी एक तर कितीही वाचणारे असावेत किंवा लिहिणारा एकच असावा. माझ्या चाळीस ओळींत नोंदीकडे रोखलेला पॉइंटर ही एक लिहिती उसनवारी होती, आणि ॲरेमध्ये नवी नोंद घालणे म्हणजे संपूर्ण ॲरे लिहिण्यासाठी उसना मागणे होते. कंपायलरने ई०४९९ हा क्रमांक दिला आणि तीन जागा अधोरेखित केल्या: पहिली उसनवारी इथे झाली, दुसरी इथे झाली, आणि पहिली पुढे इथे वापरली गेली आहे. ते तीन बाण मी बराच वेळ पाहत राहिलो. चार दिवस जे शोधत होतो त्याचा तो नकाशाच होता, आणि त्यातला मधला बाण माझ्या त्या विसरलेल्या दोन आठवड्यांवर नेमका रोखलेला होता.

हे कसे साधते, तर आठवण टाइपमध्ये, म्हणजे मूल्याच्या जाहीर केलेल्या प्रकारात, लिहिली जाते म्हणून. सीमध्ये एखादे फंक्शन पॉइंटर परत देते तेव्हा तो किती काळ वैध आहे, तो फ्री कोणी करायचा, म्हणजे त्याची जागा कोणी सोडायची, हे सगळे माहितीपुस्तिकेत किंवा एखाद्या सहकाऱ्याच्या डोक्यात असते. रस्टमध्ये "हा परत दिलेला संदर्भ त्या दुसऱ्या आर्ग्युमेंटइतकाच काळ जगेल" हे फंक्शनच्या स्वाक्षरीत, म्हणजे ते काय घेते आणि काय देते हे सांगणाऱ्या ओळीत, लाइफटाइम म्हणून येते, आणि कंपायलर ते विसरू शकत नाही. या कल्पनेचे मूळ रस्टच्याही आधीचे आहे. सायक्लोन नावाच्या संशोधन-भाषेने मेमरीचे प्रदेश पाडून पॉइंटरच्या टाइपमध्ये तो प्रदेश नोंदवण्याचा प्रयोग आधीच केलेला होता. रस्टचे कौतुक मला आणखी एका कारणासाठी वाटते. सुरुवातीच्या रस्टमध्ये कचरा, म्हणजे न लागणारी मेमरी, गोळा करणारी यंत्रणा होती, एकाच वेळी अनेक कामे चालवणारे हलके थ्रेड होते, आणि १.० येईपर्यंत ते सगळे उचलून बाहेर टाकले गेले. एवढे सामान जमवल्यावर ते फेकून देण्याची हिंमत भाषा घडवणाऱ्यांकडे क्वचित असते.

किंमत अर्थातच आहे. आरंभीच्या रस्टमध्ये उसनवारी ही त्या ब्लॉकच्या शेवटपर्यंत चालू आहे असे धरले जाई, त्यामुळे डोळ्यांना धडधडीत निर्दोष दिसणारा कोडही नाकारला जात असे. २०१८ च्या सुधारणेनंतर ती शेवटच्या वापरापाशी संपते आणि जाच बराच कमी झाला. तरी दोन्ही दिशांनी जोडलेली यादी, मुलाकडून पालकाकडे जाणारा दुवा, आलेख, अशा रचना लिहायला बसले की बॉरो चेकर, म्हणजे कंपायलरमधला उसनवारी तपासणारा भाग, भुवया चढवतोच. मग माणसे काय करतात? तीच वाट धरतात जी मी सीमध्ये धरली होती: संदर्भ सोडून क्रमांक जपून ठेवतात. कंपायलर समाधानी होतो, कारण क्रमांक हा नुसता आकडा आहे आणि आकड्याला मालक लागत नाही. पण ती नोंद काढून टाकून त्याच जागी दुसरी नोंद आली, तर तो क्रमांक पुन्हा जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत उभा राहतो. मेमरी सुरक्षित आहे, प्रोग्राम क्रॅश होत नाही, आणि तरीही आकडे भलत्याच नोंदीत जमा होत आहेत. हा प्रकार मी रस्टमध्ये मुद्दाम घडवून पाहिला, आणि कंपायलर पहिल्यांदाच माझ्याशी सीसारखा वागला.

यावरचा रस्टच्या जगातला प्रचलित उपाय म्हणजे प्रत्येक जागेला एक पिढी-क्रमांक देणे. जागा रिकामी होऊन पुन्हा भरली की पिढी एकने वाढते, आणि आपण जपलेल्या जोडीतली पिढी जुळली नाही तर नोंद मिळत नाही. गंमत अशी की वेल या प्रायोगिक भाषेने नेमकी हीच कल्पना पायाला घातली आहे. तिथे वस्तूजवळ तिची पिढी असते, संदर्भाजवळ अपेक्षित पिढी असते, आणि जिथे कंपायलरला खात्री देता येत नाही तिथे वापराच्या वेळी दोन्ही ताडून पाहिल्या जातात. जी आठवण रस्टमध्ये लायब्ररीने ठेवायची, ती वेलमध्ये भाषेच्या रनटाइमने, म्हणजे प्रोग्राम चालताना सोबत असणाऱ्या यंत्रणेने, ठेवायची, एवढाच फरक.

झिगमध्ये तोच प्रोग्राम विनातक्रार कंपाइल झाला. अँड्र्यू केली यांनी २०१६ मध्ये जगासमोर आणलेली ही भाषा रस्टच्या वाटेने जातच नाही. तिचा आग्रह दुसराच आहे: कोडमध्ये जे दिसत नाही ते घडता कामा नये. बेरजेच्या चिन्हामागे एखादे फंक्शन दडलेले नसते, कंपाइल होण्याआधी कोड बदलून टाकणारे मॅक्रो नसतात, आणि मेमरी मागणाऱ्या फंक्शनला ती कोठून मागायची ते अलोकेटर, म्हणजे जागा देणारा घटक, देऊन सांगावे लागते. स्वाक्षरीत अलोकेटर दिसला की हे फंक्शन मेमरी घेणार हे वाचणाऱ्याला उमगते. घेतलेली जागा परत करण्यासाठी डिफर आहे. जिथे जागा घेतली त्याच्या लगेच खालच्या ओळीत "बाहेर पडताना ही सोड" असे लिहून मोकळे व्हायचे. त्याचे भावंड एररडिफर, जे फंक्शन चूक परतवून बाहेर पडले तरच चालते. अर्धवट उभारलेली वस्तू मोडून टाकण्यासाठी सीमध्ये शेवटी लेबले लावून गोटूच्या उड्या माराव्या लागतात. ज्यांनी त्या मारल्या आहेत त्यांना एररडिफरची किंमत सांगायला नको.

पण माझ्या पॉइंटरचे काय? प्रोग्राम चालला, ॲरे वाढला, त्याने जागा बदलली, आणि मी जुन्या पॉइंटरमधून वाचलेला आकडा पडद्यावर आला: उणे १४३१६५५७६६. हा आकडा कचरा वाटतो, परंतु तो सोळाच्या पायावर लिहिला तर ए हे अक्षर आठ वेळा येते. झिगचा डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधण्यासाठी बनवलेले रूप, सोडून दिलेल्या मेमरीवर हाच नमुना मुद्दाम फासून ठेवतो, म्हणजे मेलेल्या जागेतून वाचलेली गोष्ट जिवंत असल्याचा आव आणू शकत नाही. ही खूण एकदा ओळखीची झाली की पुढच्या वेळी चार दिवस लागत नाहीत, चार मिनिटे लागतात. चाचण्यांसाठी जो अलोकेटर मिळतो तो परत न केलेली जागाही चाचणी संपताच दाखवून देतो. मात्र हे सगळे पहारे डीबगमधले आहेत. वेगासाठीचा बिल्ड घेतला की पहारे उठतात आणि आपण पुन्हा सीच्या अंगणात येतो. झिग आठवण ठेवत नाही. विसरलेल्या गोष्टीला ती रंग लावून ठेवते, आणि तो रंग दिसेल अशी चाचणी आपण लिहिली असेल, यावर तिची भिस्त आहे.

एका बाबतीत मात्र झिग रस्टपेक्षा कडक आहे आणि ते फारसे बोलले जात नाही. मेमरी मागितली आणि मिळाली नाही, तर झिगमध्ये ती एक साधी चूक म्हणून परत येते आणि तिची दखल घ्यावीच लागते. रस्टच्या प्रमाणित लायब्ररीत व्हेक्टरमध्ये, म्हणजे तिथल्या वाढत्या ॲरेमध्ये, भर घालताना जागा न मिळाल्यास सर्वसाधारणपणे सगळी प्रक्रियाच बंद पडते. रोजच्या प्रोग्रामला ते चालते, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, जागा नाही म्हणून प्राण सोडता येत नाही. २०२२ च्या अखेरीस लिनक्स कर्नलच्या ६.१ आवृत्तीत रस्टला प्रवेश मिळाला, त्यासाठी जागेची मागणी अयशस्वी होऊ शकते हे मान्य करणारे वेगळे प्रकार घडवावे लागले.

ओडिनने माझी चूक पकडली नाही, पण माझ्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी तिनेच बदलली. बिल हॉल यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या या भाषेत प्रत्येक प्रोसिजरला, म्हणजे फंक्शनला, कॉन्टेक्स्ट नावाची एक पिशवी न मागता मिळते. तीत चालू अलोकेटर असतो, तात्पुरत्या कामाचा दुसरा अलोकेटर असतो, लॉगर असतो. वरच्या पातळीवर अलोकेटर बदलला की खालच्या सगळ्या प्रोसिजर, अगदी दुसऱ्याच्या लायब्ररीतल्यासुद्धा, नव्या अलोकेटरकडून जागा घेऊ लागतात. झिगच्या माणसाला हे लपवाछपवीचे वाटेल, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. परंतु या पिशवीमागचा विचार मला मोलाचा वाटतो. चित्रफितीची एक चौकट रंगवायची आहे, त्यासाठी शेकडो लहान तुकडे लागणार आहेत, आणि चौकट पूर्ण झाली की त्यांतला एकही लागणार नाही. मग प्रत्येक तुकड्याचे जन्ममृत्यू टिपत बसण्यापेक्षा सगळे एका पाटीत टाकावेत आणि चौकटीच्या शेवटी पाटी उलटी करावी. आठवण ठेवायची ती एकाच गोष्टीची. माझ्या जुन्या प्रोग्राममध्येही सत्र संपले की त्या सत्राचे सगळेच निरुपयोगी होत होते, आणि तरी मी एकेका नोंदीचा हिशेब ठेवत बसलो होतो. भाषा कोणती का असेना, मी पाटी वापरली असती आणि ती हलणार नाही अशी आखली असती, तर पॉइंटर जुना झालाच नसता. दुसऱ्याचा कोड वाचताना मला झिगचा उघडपणा हवासा वाटतो आणि स्वतःचा लिहिताना ओडिनची पिशवी, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. या दोन इच्छा एकमेकींशी जुळत नाहीत, पण त्या दोन्ही आहेत.

बाकीच्यांपैकी निमने मोजणीची वाट धरली. तिच्या २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, संदर्भांची मोजदाद आणि चक्राकार साखळ्या शोधणारी यंत्रणा हीच मूळ व्यवस्था आहे. बहुतेक वेळा माणसाला काही लक्षात ठेवावे लागत नाही आणि बदल्यात थोडा वेळ मोजणीत जातो. हायलोचे उत्तर सर्वांत बाणेदार आहे. तिथे संदर्भ साठवून ठेवण्याची सोयच भाषेत नाही, मूल्ये असतात आणि एखादे मूल्य बदलण्यासाठी तात्पुरते हातात दिले जाते, त्यामुळे माझी चूक लिहायची कशी हाच प्रश्न पडतो. मला तो प्रोग्राम वेगळा विचार करून लिहावा लागला. हेअरमध्ये अनेक टाइपांवर चालणारी जेनेरिकही नाहीत आणि मॅक्रोही नाहीत. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या भाषेला सीसारखेच लहान आणि स्थिर राहायचे आहे, आणि माझ्या पॉइंटरविषयी तिचे मत सीसारखेच आहे.

आठवणीचा प्रश्न मेमरीपुरताच नाही, हे मला बेरजेने शिकवले. क्रमवार लावलेल्या ॲरेमध्ये शोध घेताना मधला क्रमांक काढण्यासाठी खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोनाने भागतात. हा प्रकार जावाच्या प्रमाणित लायब्ररीतसुद्धा सुमारे नऊ वर्षे चुकीचा बसला होता, आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी तो जाहीरपणे मांडला. ॲरेत १०७ कोटींहून अधिक घटक असले की दोन क्रमांकांची बेरीज ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही आणि उणे होऊन बसते. इथे विसरली जाते ती आकड्याची मर्यादा. सीमध्ये चिन्हांकित पूर्णांक ओसंडला तर काय व्हावे हे प्रमाणकाने ठरवलेलेच नाही, आणि कंपायलर तसे कधी होणारच नाही असे गृहीत धरून कोडची उलथापालथ करू शकतो. ओडिनमध्ये आकडा गुंडाळून पलीकडून परत येतो, हे ठरलेले आहे. रस्ट डीबगमध्ये थांबते आणि रिलीजमध्ये, वेगळे सांगितले नसेल तर, गुंडाळते. झिगमध्ये साधे अधिक चिन्ह म्हणजे "हे ओसंडणार नाही" अशी माझी ग्वाही असते. ती मोडली तर पहारे असलेले बिल्ड जागीच थांबतात. गुंडाळणे खरोखर हवे असेल तर अधिकला टक्क्याचे चिन्ह चिकटवून लिहायचे. हॅश काढणाऱ्या फंक्शनमध्ये ते चिन्ह दिसले, की लेखकाने हे जाणूनबुजून केले आहे हे दहा वर्षांनी वाचणाऱ्यालाही कळते. एका अक्षरात इतकी आठवण साठवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

जेनेरिकांच्या बाबतीत रस्ट आणि झिग यांचे स्वभाव पुन्हा वेगळे दिसतात, पण तिथे मी फार रेंगाळणार नाही. रस्टमध्ये एखादे फंक्शन कोणत्याही टाइपवर चालवायचे असेल, तर त्या टाइपला काय काय यायला हवे हे ट्रेटच्या रूपाने आधी जाहीर करावे लागते. झिगमध्ये टाइप हेसुद्धा एक मूल्यच असते, आणि कॉम्पटाइम म्हणून चिन्हांकित केलेला कोड कंपाइल होतानाच, त्याच भाषेत, चालवला जातो. दुसरी भाषा शिकावी लागत नाही ही मोठीच सोय आहे. पण फंक्शनला नेमके काय अपेक्षित आहे हे स्वाक्षरीत न लिहिता आत कुठेतरी राहते, आणि ते कळते कोणीतरी चुकीचा टाइप देऊन पाहिल्यावर. मेमरीच्या बाबतीत सगळे स्वाक्षरीत मागणाऱ्या भाषेने टाइपांच्या बाबतीत इतके मोकळे सोडावे, याचे मला अजून नवल वाटते.

या भाषा स्वतः किती आठवण ठेवतात, हाही एक हिशेब आहे. २०१५ चा रस्ट कोड आजच्या कंपायलरवर सहसा चालतो, कारण मोडतोड करणारे बदल वेगवेगळ्या एडिशनमध्ये बांधून ठेवले जातात आणि जुनी एडिशन सांभाळली जाते. झिगने अद्याप १.० गाठलेली नाही, आणि ती तसे वागतेही. तिच्यातली असिंक, म्हणजे एका कामाची वाट पाहताना दुसरे चालू ठेवण्याची, सोय एका टप्प्यावर काढून टाकली गेली, आणि वाढत्या ॲरेचा जो प्रकार पूर्वी आपला अलोकेटर स्वतःजवळ बाळगत असे, त्याला ०.१५ पासून प्रत्येक भरतीच्या वेळी अलोकेटर हातात द्यावा लागतो. माझ्या चाळीस ओळी त्यासाठी मला पुन्हा लिहाव्या लागल्या. वैतागलो, हे खरे. आणि लिहून झाल्यावर प्रत्येक भरतीची ओळ "मी जागा बदलू शकते" असे ओरडून सांगताना दिसू लागली, हेही खरे. जुन्या प्रोग्राममध्ये ती ओळ इतकी बोलकी असती, तर कदाचित मी दोन आठवड्यांपूर्वीच्या पॉइंटरकडे वळून पाहिले असते. कदाचित.

अनोळखी माणसांचा मजकूर ज्यावर येऊन पडणार आहे असे काही आज लिहायचे झाले, तर मी रस्ट घेतो. तिथे माझ्या स्मरणशक्तीवर पैज लावण्याचा मला अधिकार नाही. एखादे लहान, एकट्याचे, यंत्राच्या अगदी जवळचे काम असेल तर झिग, आणि चाचण्या लिहिण्याचा कंटाळा करायचा नाही अशी स्वतःला ताकीद. राहिला प्रश्न आधीच लिहून ठेवलेल्या कोट्यवधी ओळींचा. २०२२ मध्ये गूगलमधून पुढे आलेली कार्बन ही भाषा त्याच चिंतेतून आली. सी++ मधला अवाढव्य कोड एका रात्रीत बदलता येत नाही, तेव्हा त्याच्या शेजारी बसून हळूहळू त्याची जागा घेता येईल का, हे ती आजमावते आहे. तिची गणना अजून प्रयोगातच आहे. अँड्रॉइडचा अनुभव मात्र वेगळेच काही सुचवतो. गूगलने दिलेल्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये तिथल्या सुरक्षा-दोषांपैकी ७६ टक्के दोष मेमरीचे होते आणि २०२४ मध्ये ते प्रमाण २४ टक्क्यांवर आले, आणि त्यासाठी जुना कोड सरसकट पुन्हा लिहिला गेला नव्हता. नवा कोड तेवढा सुरक्षित भाषांमध्ये लिहिला जाऊ लागला होता. जुन्या कोडमधले दोष दुरुस्त होत होत विरळ होत जातात, असे त्यांचे म्हणणे आहे.

हे वाचून मी परवा माझा तो सीमधला प्रोग्राम पुन्हा उघडला. तो अजून चालतो आहे, आणि तो दुसऱ्या भाषेत नेण्याचा विषयही कोणी काढलेला नाही. माझी टिपणी जिथल्या तिथे आहे. तिच्या खाली नंतर कोणीतरी आणखी दोन फंक्शने लिहिली आहेत. पहिल्यामध्ये नोंदीचा क्रमांकच वापरलेला आहे. दुसरे लांबलचक आहे, त्यात ॲरेमध्ये भरती आहे, भरतीच्या वर एक पॉइंटर काढलेला आहे, आणि तो खाली पुन्हा कुठे वापरला आहे का, ते मी ओळीवर बोट ठेवून वाचतो आहे.